चाळिशी लागल्यावर : आयुष्याच्या मध्यावर काम बदलणाऱ्या तिघांचा अभ्यास

मराठीत ‘चाळिशी’ म्हटलं की वयही समजतं आणि चष्माही. आमच्या घरी दोन्हींचा संबंध जरा जवळचा आहे. पप्पा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं टर्नर होते. लेथवर जॉब लावायचा, टूल धरायचं, माप घ्यायचं, पुन्हा कट मारायचा. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचावा लागतो. त्या बारीक रेघा हलायला लागल्या तेव्हा त्यांनी चष्मा केला. चष्म्याने रेघा स्थिर झाल्या, पण पप्पा काही स्थिर झाले नाहीत.

मागच्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मिस्साहून आल्यावर चहा-पाव खाता खाता ते म्हणाले, “मी नोकरी सोडणार म्हणतोय.”

कंपनीने काढलेलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन आल्यापासून काम फक्त जॉब चढवण्या-उतरवण्याचं आणि बटण दाबण्याचं उरलं होतं. पप्पांना एक वर्षाचं क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग करून आयटीआयमध्ये शिकवायचं होतं. “नवी पोरं येतात ना, त्यांना टूलला धार लावायला शिकवताना मला बरं वाटतंय. बाकी आठ तास कसे जातात मलाच माहीत,” असं ते म्हणाले. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं.

मी काय म्हणाले ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते, कारण हा लेख तिथूनच सुरू झाला. मी म्हणाले, “या वयात शाळेत जाणार? आणि माझ्या एम.ए.चं काय?” पप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि कपबशा उचलून आत नेल्या.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी मला विषय मिळाला, ‘आत्मचरित्रांतलं काम’. मी तीन पुस्तकं निवडली : डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’, कृष्णाबाई सुर्वे यांचं ‘मास्तरांची सावली’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. खरं सांगायचं तर पप्पांचं चुकतंय हे सिद्ध करायला मला पुरावा हवा होता. तो मिळाला नाही. जे मिळालं ते असं.

१. आधी शब्द

कामासाठी मराठीत किती शब्द आहेत ते मोजून पाहा. काम, नोकरी, चाकरी, धंदा, पेशा, उद्योग, व्यवसाय, वृत्ती. सगळ्यांचा अर्थ पोट भरण्याचं साधन असाच घेतला जातो, पण प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. ‘नोकरी’, ‘चाकरी’ आणि ‘पेशा’ फारसीकडून आले. नोकरी-चाकरीत दुसऱ्याच्या हुकमाची छाया आहे. ‘व्यवसाय’ संस्कृतातला, आणि त्याचा मूळ अर्थ निश्चय असा होतो. आज आपण दुकानालाही व्यवसाय म्हणतो आणि निश्चय विसरून जातो.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो ‘वृत्ती’. जुन्या कागदपत्रांत वृत्ती म्हणजे उपजीविका, गावात वंशपरंपरेने मिळालेला हक्काचा रोजगार. आज आपण वृत्ती म्हणतो ती मनाची ठेवण : ‘त्याची वृत्ती शांत आहे’, ‘तिची वृत्ती शिक्षकाची आहे’. म्हणजे पोटाचं साधन आणि मनाचा कल या दोन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. बहुतेकांच्या आयुष्यात हे दोन अर्थ एकमेकांना भेटत नाहीत. पप्पांची उपजीविका टर्नरची आणि मनाची ठेवण मास्तरची, हे मी त्या रविवारपर्यंत पाहिलंच नव्हतं.

आपल्या ख्रिस्ती मराठीत आणखी एक शब्द आहे, ‘पाचारण’. देवाने दिलेली हाक. चर्चमध्ये पाचारणासाठी प्रार्थना होते तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे फादर आणि सिस्टरच येतात. लेथवरच्या माणसालाही पाचारण असू शकतं, आणि ते सत्तेचाळिसाव्या वर्षी ऐकू येऊ शकतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

२. डॉक्टर लागू : कडेचं काम मध्यावर

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म 1927 चा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी.जे. मेडिकल कॉलेजात शिकून ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले. पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले. पुण्यात प्रॅक्टिस केली, आफ्रिकेत टांझानियातल्या टाबोरा इथेही काम केलं. आणि 1969 मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. तेव्हा ते बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

ही गोष्ट आपण नेहमी एका वाक्यात सांगतो : ‘लागूंनी डॉक्टरकी सोडून नाटक धरलं.’ वाक्य खरं आहे, पण त्यामुळे गैरसमज होतो. एका सकाळी स्टेथोस्कोप खाली ठेवला आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावला, असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात विद्यार्थी असल्यापासून ते नाटक करत होते. पुण्यातल्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्या उभारणीत भालबा केळकरांबरोबर ते होते. मुंबईच्या ‘रंगायन’शीही त्यांचा संबंध होता. दवाखाना चालू असताना तालमी चालू होत्या. म्हणजे 1969 च्या मागे जवळजवळ वीस वर्षांची तयारी आहे. ते नवीन काम शोधायला निघाले नव्हते. जे काम आयुष्याच्या कडेला होतं, ते त्यांनी उचलून मध्यावर ठेवलं.

माझ्या अभ्यासातला हा पहिला मुद्दा. लागूंबद्दल वाचताना मी पप्पांची वीस वर्षं आठवून पाहिली. शाळेच्या सुट्टीत वर्कशॉपमधली मुलं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. पप्पा खडूने फरशीवर टूलचा कोन काढून दाखवायचे. मम्मी नंतर ती फरशी पुसताना कुरकुरायची. आम्ही त्याला ‘पप्पांची सवय’ म्हणत होतो. काम तर ते तेव्हापासूनच करत होते, फक्त त्याला पगार नव्हता.

डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’ आलं. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, द गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. रंगभूमीवर नुकताच पूर्णवेळ उभा राहिलेला माणूस, आणि भूमिका कुणाची, तर सगळं आयुष्य रंगभूमीवर घालवून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या नटाची. 1972 मध्ये ‘पिंजरा’ आला. चाळिशीनंतर सुरू केलेलं काम म्हणजे उशिरा लावलेलं झाड, त्याला फळ येणार नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढ्या तारखा पुरेत.

पण इथे एक आक्षेप आहे आणि तो आपणच घ्यायला हवा. लागूंच्या हातात सर्जनची पदवी होती. नाटक फसलं असतं तर दवाखान्याचं दार उघडायला त्यांना कुणी अडवलं नसतं. त्यामुळे त्यांचं धाडस कमी होत नाही, पण त्यांचं उदाहरण सगळ्यांना जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मान्य करावं लागतं. ‘मनाचं ऐका, उडी मारा’ असं सांगणारे लोक खाली जाळी कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे विचारत नाहीत. म्हणून दुसरं उदाहरण लागूंच्या अगदी उलट घेतलं.

३. नारायण सुर्वे : पगार न थांबवता

नारायण सुर्वे यांचा जन्म 1926 चा मानला जातो. ‘मानला जातो’ असं म्हणते, कारण ते रस्त्यावर सोडलेलं मूल होते. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या गंगाराम सुर्वे यांनी त्यांना उचलून घरी नेलं आणि स्वतःचं नाव दिलं. लहानपणापासून हाताला मिळेल ते काम केलं. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, मग शाळेत शिपाई. 1957 मध्ये सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा ते उत्तीर्ण झाले. 1961 मध्ये महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 1962 मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला कवितासंग्रह, 1966 मध्ये ‘माझे विद्यापीठ’.

या तारखा आपण परीक्षेसाठी पाठ करतो. आता त्या वयांत बदलून पाहा. एकतिसाव्या वर्षी सातवी. पस्तिसाव्या वर्षी शिक्षक. छत्तिसाव्या वर्षी पहिलं पुस्तक. चाळिशीच्या अलीकडचा हा बदल आहे, पण ज्या माणसाने शाळकरी वयातच कामाला सुरुवात केली, त्याच्यासाठी पस्तिशी म्हणजे मध्यच.

सुर्व्यांनी ‘सोडलं’ असं काहीच नाही. सोडण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. एक दिवस पगार थांबला तर चूल थांबणार, अशा घरात काम बदलायचं तर ते काम करता करताच बदलावं लागतं. शाळेत घंटा देणारा माणूस रात्री अभ्यास करतो, परीक्षेला बसतो आणि काही वर्षांनी वर्गात खडू घेऊन उभा राहतो. यात उडी कुठेच नाही. जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि एकेका पायरीला काही वर्षं लागली आहेत.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कृष्णाबाईंच्या पुस्तकात आहे. ‘मास्तरांची सावली’ हे नावच बघा. लोक सुर्व्यांना मास्तर म्हणत. मास्तर सभांना जात, चळवळीत असत, कविता लिहीत, आणि त्या सगळ्याच्या मागे घर चालवणारी एक बाई होती. अभ्यासक्रमात आपल्याला कवी भेटतो, ही बाई भेटत नाही. मी कवितासंग्रहाच्या आधी हे पुस्तक वाचलं असतं, तर सुर्व्यांच्या कवितेतला संसार मला वेगळा दिसला असता.

पुस्तक मिटलं तेव्हा आमच्या घरात शिलाई मशीन चालू होतं. मम्मी फर्स्ट कम्युनियनचे फ्रॉक शिवते, लग्नाचे गाऊन शिवते, एरवी ब्लाउज. त्या जून-जुलैत ती रात्री अकरापर्यंत मशीनवर असायची. मला वाटत होतं की पप्पांच्या निर्णयाने माझं नुकसान होतंय. मशीनवर कोण बसलंय इकडे माझं लक्षच नव्हतं.

४. लक्ष्मीबाई टिळक : न निवडलेला बदल

लागूंनी बदल निवडला. सुर्व्यांनी तो हळूहळू घडवला. लक्ष्मीबाईंवर तो दोनदा येऊन आदळला.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहान वयातच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक मोठे कवी, मनाचे मोठे, आणि संसाराला अत्यंत कठीण. हातातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे, नोकरी कधी सोडतील याचा भरवसा नाही. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत वेगळ्या राहिल्या आणि पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतः विचार करून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण टिळकांकडे धर्मांतर केलेला कवी म्हणून पाहतो. या अभ्यासापुरतं मी त्यांच्याकडे वारंवार वाट बदलणारा कर्ता पुरुष म्हणून पाहिलं. ‘स्मृतिचित्रे’ ही मग वाट न विचारता मागून चालाव्या लागणाऱ्या बायकोची साक्ष ठरते. लक्ष्मीबाई तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीत. त्या हसवतात. पण हसून झाल्यावर लक्षात येतं की या विनोदाच्या खाली रिकामा डबा आहे, उधारी आहे, आणि ‘उद्या काय’ ही काळजी आहे. टिळकांना त्यांच्या कामात समाधान मिळालं यात शंका नाही. त्याची किंमत भरताना घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारलं गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

1919 मध्ये टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. शाळेचं शिक्षण नाही, अक्षरओळखही लग्नानंतर टिळकांनी करून दिलेली. या वयात त्यांना पोटापाण्याचं काम शोधावं लागलं. मुलींच्या वसतिगृहात त्या मेट्रन झाल्या. इथेही मला लागूंच्या बाबतीत जे दिसलं होतं तेच दिसतं. दुष्काळाच्या काळात या घरात अनाथ मुलं वाढली होती. परक्या पोरांना जेवू घालणं, समजावणं, रागावणं हे त्या वर्षानुवर्षं घरात करत होत्या. वसतिगृहाने त्याच कामाला पहिल्यांदा पदाचं नाव दिलं.

आणि पुढे तर त्याहून मोठं काम उभं होतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. मराठी आत्मचरित्र म्हटलं की आज पहिल्या दोन-तीन नावांत हे पुस्तक येतं. साठीनंतर हाती घेतलेलं काम माणसाच्या सगळ्या आयुष्याची ओळख बनू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला आपल्या भाषेत सापडलं नाही.

५. तिघांना शेजारी ठेवल्यावर

वर्गात आपल्याला तुलना करायला शिकवतात, तर साम्य आणि भेद मांडते.

पहिलं साम्य : तिघांनीही अनोळखी काम धरलं नाही. नवं काम जुन्या आयुष्यात आधीपासून होतं, बिनपगारी, फावल्या वेळचं, किंवा ‘सवय’ म्हणून हिणवलेलं. त्यामुळे ‘मला कोणतं काम समाधान देईल?’ हा प्रश्न हवेत विचारण्यापेक्षा ‘कुणी सांगितलं नाही तरी मी काय करते?’ असा विचारला तर उत्तर लवकर मिळतं.

दुसरं साम्य : तिघांनाही नवशिकं व्हावं लागलं. सर्जन माणूस तालमीत दिग्दर्शकाचं ऐकतो, शाळेचा शिपाई सातवीच्या परीक्षेला बसतो, आजीच्या वयाची बाई लेखिका म्हणून पहिलं गद्य पुस्तक लिहिते. इथे मला आपल्या परंपरेतला आणखी एक माणूस आठवला. संत इग्नेशियस लोयोला 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाले आणि त्यांचं शिपाईपण संपलं. 1524 मध्ये, तेहतीस वर्षांचे असताना, ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिनचे प्राथमिक धडे शिकले. आपण त्यांना येशू संघाचे संस्थापक म्हणून ओळखतो. पोरांच्या रांगेत बसलेला, पायाने लंगडणारा तो मोठा विद्यार्थी आपल्याला फारसा कुणी दाखवत नाही.

भेद मात्र पैशाचा आहे. लागूंच्या मागे पदवी होती, सुर्व्यांच्या मागे काही नव्हतं, लक्ष्मीबाईंना तर विचारच करायला वेळ मिळाला नाही. म्हणून एकाच्या धाडसाचं माप घेऊन दुसऱ्याला भित्रा म्हणता येत नाही. वर्कशॉपमध्ये पप्पांच्याच वयाचे एक काका आहेत. त्यांनाही ते काम नकोसं झालंय. पण घरात दोन आजारी माणसं आहेत, म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन जातात. त्यांचं जाणंही मी आता कमी समजत नाही.

आणि माझा शेवटचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहिला. काम बदलणारा एक असतो, पण त्या बदलाचा खर्च सगळं घर करतं. तो खर्च सांगून, मोजून, वाटून घेतला तर घर त्यात सामील होतं. न सांगता लादला तर ‘स्मृतिचित्रे’तला तो रिकामा डबा उरतो.

६. वहीतला हिशेब

ऑगस्टच्या सुरुवातीला मी पप्पांना म्हणाले, “हिशेब बघूया.” माफी मागायला जमलं नाही, म्हणून एवढंच म्हणाले.

भावाची जुनी गणिताची वही घेतली. ग्रॅच्युइटीचा नियम पप्पांना पाठ होता : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणारा आकडा 26 ने भागायचा, 15 ने गुणायचा, आणि पुन्हा जितकी वर्षं नोकरी झाली तितक्याने गुणायचा. त्यांचा आकडा 18,200. भागिले 26 म्हणजे 700. गुणिले 15 म्हणजे 10,500. गुणिले 24 म्हणजे 2,52,000 रुपये. यात वर्षभराचं घर, सोसायटीच्या कर्जाचे हप्ते, भावाचं पीयूसीचं दुसरं वर्ष आणि पप्पांचं ट्रेनिंग बसवायचं होतं. पीएफला हात लावायचा नाही, ही मम्मीची अट.

वहीच्या एका बाजूला कोण काय सोडणार ते लिहिलं. पप्पांनी मोटरसायकल विकली. मम्मीने पावसाळ्यात घराच्या मागच्या बाजूला घालायचे पत्रे पुढच्या वर्षावर ढकलले. भावाने क्लास सोडून वर्गमित्राबरोबर अभ्यास करायचं ठरवलं. मी कोल्हापूरचं एम.ए. सोडलं. आता इथेच, बेळगावातच करायचं, आणि संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. हे लिहिताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अजूनही कधी कधी वाटतं. पण माझ्या नावापुढे ते मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, कुणी माझ्या वाटणीला टाकलेलं नाही. या दोन्हींत फरक आहे हे मला लक्ष्मीबाईंनी शिकवलं.

मम्मी एवढंच म्हणाली, “वर्षाचं निभेल की. खरं पुढच्या वर्षी नोकरी लागली नाही तर पुन्हा वही काढायची, तोंड लपवायचं नाही.” (बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

पप्पा सध्या बेंगळुरूला आहेत. वर्गातली बाकीची मुलं बावीस-तेवीसची, ती त्यांना ‘अंकल’ म्हणतात. लेथवर ते सगळ्यांच्या पुढे आणि कॉम्प्युटरवर सगळ्यांच्या मागे. सर्वांत जड जातो तो लेसन प्लॅन. हाताने येणारी गोष्ट शब्दांत कशी लिहायची, हा त्यांचा प्रश्न. म्हणून रात्री मला फोन येतो. मागच्या आठवड्यात विषय होता ‘मायक्रोमीटर वाचणे’.

त्यांच्या पद्धतीत धड्याच्या चार पायऱ्या असतात : तयारी, सादरीकरण, उपयोजन, तपासणी. पप्पांनी पहिल्या पायरीत मायक्रोमीटरच्या भागांची नावं लिहिली होती. मी म्हणाले, “पप्पा, सुरुवातीलाच नावं सांगितली तर पोरं झोपतील. आधी त्यांना हे कशाला लागतं ते सांगा.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग असं करू काय? एकाच्या डोक्याचा केस घ्यायचा आणि विचारायचं, हा किती जाड आहे सांगा बघू. पट्टीने मोजता येतोय काय?” मी म्हणाले, “हेच लिहा.” चोवीस वर्षांत हा माणूस कामाबद्दल इतक्या उत्साहाने बोललेला मी ऐकला नव्हता.

पुढच्या वर्षी काय होईल ते ठरलेलं नाही. खासगी आयटीआयमध्ये पगार वर्कशॉपपेक्षा कमी मिळण्याची शक्यता आहे. सरकारी जागा निघतील तेव्हा वयाची अट काय असेल ते पाहावं लागेल. पप्पांना हे माहीत आहे, वहीतही लिहिलेलं आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘वृत्ती’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आलेली एखादी व्यक्ती तुमच्या वाचनात आली आहे का? तिच्या लेखनातून ते कसं दिसतं?

२. लागू आणि सुर्वे यांच्या काम बदलण्यात आर्थिक परिस्थितीचा वाटा किती? आर्थिक आधार नसलेल्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं?

३. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘मास्तरांची सावली’ या दोन पुस्तकांत बायकोच्या नजरेतून नवऱ्याचं काम कसं दिसतं? दोघींच्या सांगण्यात काय फरक आहे?

४. मध्यावर काम बदलणाऱ्या स्त्रीला पुरुषापेक्षा वेगळ्या कोणत्या अडचणी येतात? घरची किंवा शेजारची उदाहरणं घ्या.

५. घरी जाऊन आई-वडिलांना किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा : ‘तुम्हाला खरं कोणतं काम करायचं होतं?’ उत्तर लिहून आणा. मी मम्मीला विचारायचं अजून राहिलंय. पुढच्या बैठकीपर्यंत विचारते.